डॉक्टरांची वही

विन्स्टन चर्चिल २४ जानेवारी १९६५ रोजी वारले. त्यानंतर दीड वर्षही उलटले नव्हते, तोच त्यांच्या डॉक्टरांचे जाडजूड पुस्तक बाजारात आले. १९६६ साल. आधी 'संडे टाइम्स'मध्ये त्यातले भाग छापून आले, मग पुस्तक. लेखक लॉर्ड मोरान. पंचवीस वर्षे ज्या माणसाची नाडी पाहिली, छातीला नळी लावली, त्याच्या झोपेच्या गोळ्यांपासून पक्षाघाताच्या झटक्यांपर्यंत सगळी हकीगत त्यांनी तारखांनिशी लिहून काढली होती.

इंग्लंडात केवढा गहजब झाला! चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ यांनी 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून निषेध केला. लेडी चर्चिल तर पुस्तक येणार असे कळले तेव्हापासूनच नाराज होत्या. डॉक्टर आणि रोगी यांच्यातले नाते पूर्ण विश्वासाचे असते असेच मी आजवर समजत होते, अशा आशयाचे त्यांनी मोरानना कळवलेही होते. 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्याच प्रतिष्ठित नियतकालिकाने नापसंती दाखवली. गंमत पहा, पहिल्या तक्रारीत 'हे खोटे आहे' असे फारसे कोणी म्हणत नव्हते. 'हे तुम्ही सांगायचे नव्हते' एवढेच म्हणणे होते.

हे मोरान कोणी ऐरेगैरे डॉक्टर नव्हते, हे आधी सांगायला हवे. मूळ नाव चार्ल्स विल्सन. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ते पंचवीस वर्षे प्रमुख होते, आणि १९४१ ते १९५० रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेचे अध्यक्ष. पहिल्या महायुद्धात खंदकात काम केलेले. त्या अनुभवावर सैनिकांच्या धैर्याविषयी १९४५ साली त्यांनी लिहिलेले पुस्तक आजही नावाजले जाते. म्हणजे व्यवसायाचे नियम ठाऊक नव्हते असे नाही. ते नियम इतरांना समजावून सांगण्याच्या जागेवर हे गृहस्थ नऊ वर्षे बसले होते.

मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले आणि लगेच काही दिवसांनी या डॉक्टरांची नेमणूक झाली. पुढे युद्धकाळात चर्चिल जिथे गेले तिथे बहुधा हे सोबत. वॉशिंग्टन, मॉस्को, तेहरान, याल्टा. बैठकांच्या आत त्यांना प्रवेश नसे. त्यांची जागा पलंगाशेजारची. रात्री बैठक संपवून दमून आलेला माणूस जे बडबडतो ते त्यांच्या कानावर पडे, आणि ते टिपून ठेवत.

त्यातले दोन प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण सगळा प्रश्न त्यात आहे.

पहिला १९४१ च्या नाताळातला. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला होता, अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती, आणि चर्चिल व्हाइट हाउसमध्ये पाहुणे होते. २६ डिसेंबरला त्यांनी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे भाषण केले. त्या रात्री खोलीची घट्ट बसलेली खिडकी उघडताना जोर लावला आणि छातीत कळ आली, ती डाव्या हातात उतरली. सकाळी मोराननी तपासले. त्यांच्या मनात आले की हा हृदयविकाराचा झटका आहे. त्या काळी यावर उपाय एकच, सहा आठवडे अंथरुणावर पडून राहणे. हे सांगावे तर जगभर बातमी जाणार की इंग्लंडचा पंतप्रधान आजारी, त्याचा काही भरवसा नाही. तेही अशा वेळी! डॉक्टरांनी निर्णय घेतला की सांगायचे नाही. कोणालाच नाही, खुद्द रोग्यालासुद्धा नाही. तुम्ही फार दगदग करता, जरा बेताने घ्या, असे काहीतरी बोलून त्यांनी वेळ मारून नेली.

दुसरा १९५३ चा. २३ जूनला इटलीच्या पंतप्रधानांसाठी डाउनिंग स्ट्रीटवर मेजवानी होती. जेवण झाले, चर्चिल यांनी छोटेसे भाषण केले आणि थोड्या वेळाने त्यांना नीट उठता येईना, शब्द जड पडू लागले. पक्षाघात. गादीचे वारस समजले जाणारे ईडन स्वतःच शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत. राणीच्या राज्याभिषेकाला जेमतेम तीन आठवडे झालेले. मोरान आणि मेंदूविकारांचे तज्ज्ञ सर रसेल ब्रेन (आडनाव खरोखरच 'ब्रेन', मी बनवलेले नाही!) यांनी पत्रक तयार केले, त्यात मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बिघाड झाल्याचा उल्लेख होता. मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनी तो काढायला लावला. बाहेर पडलेल्या पत्रकात पंतप्रधानांना श्रमामुळे पूर्ण विश्रांतीची गरज आहे, एवढेच उरले. मोठमोठ्या वृत्तपत्रांचे मालक चर्चिल यांचे मित्र होते. त्यांनी ओळीनेही काही छापले नाही. ब्रिटनसारख्या लोकशाहीचा पंतप्रधान कित्येक आठवडे काम करण्याच्या अवस्थेत नव्हता आणि प्रजेला त्याचा पत्ता नव्हता.

ऑक्टोबरात त्याच माणसाने मार्गेटला पक्षाच्या अधिवेशनात उभे राहून लांबलचक भाषण केले, हेही खरे.

आणि एक गोष्ट या वादात सहसा सांगितली जात नाही. २ मार्च १९५५ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये अणुबाँबवरच्या चर्चेत बोलता बोलता चर्चिल यांनी स्वतःच सांगून टाकले की त्या वेळी अचानक आलेल्या आजाराने मी अगदी लुळा पडलो होतो. म्हणजे पक्षाघाताचे गुपित रोग्याने आपणहून, आपल्या वेळी, आपल्या तोंडाने फोडले होते. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. त्यांना जेवढे सांगायचे होते तेवढे त्यांनी सांगितले. उरलेले सांगायचे नव्हते असे मी धरून चालते.

मोराननी आपली बाजू मांडली ती अशी. १९४० नंतरचा चर्चिल त्यांच्या प्रकृतीशिवाय समजणारच नाही. शेवटच्या वर्षांतले त्यांचे निर्णय, त्यांची चिडचिड, त्यांचे खचणे हे सगळे आजाराच्या संदर्भात पाहिले पाहिजे. शिवाय या माणसाविषयी सर्व काही कधी ना कधी बाहेर येणारच, तर मग खरे ते येऊ दे, असे इतिहासकार ट्रेव्हेल्यन यांनी आपल्याला सांगितले होते, दक्षिण आफ्रिकेच्या स्मट्स यांनीही लिहिण्याचा आग्रह केला होता, असे त्यांचे म्हणणे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे हा युक्तिवाद माझ्या काळजाला भिडतो, हे कबूल करते. दरबारी बखरीपेक्षा अशी पलंगाशेजारची टिपणे इतिहासाला केव्हाही प्यारी. चर्चिल यांच्या उदासपणाच्या झटक्यांविषयी, त्यांच्या त्या प्रसिद्ध 'काळ्या कुत्र्या'विषयी जगभर जे बोलले जाते त्याचा मोठा उगम या पुस्तकात आहे. ज्यांना स्वतःला असा त्रास आहे त्यांना एवढ्या मोठ्या माणसालाही तो होता हे वाचून धीर आला असेल. हा उपयोग मी नाकारत नाही.

पण इतिहासाच्याच बाजूने पाहिले तरी दोन काटे टोचतात.

एक म्हणजे साक्षीचा. पुस्तकाची मांडणी रोजनिशीसारखी, रोजच्या तारखा टाकून. वाचणाऱ्याला वाटते, त्याच रात्री लिहिलेले आहे. १९९२ साली रिचर्ड लव्हेल यांनी मोरान यांचे चरित्र लिहिले, त्यांनी मूळ कागद पाहिले होते. त्यातून उघड झाले की छापलेली रोजनिशी ही मूळ टिपणांची जशीच्या तशी नक्कल नव्हे. पुष्कळ मजकूर मागाहून बेतलेला, जोडलेला, सुधारलेला. व्हाइट हाउसमधल्या त्या झटक्याबद्दलही अलीकडे डॉक्टरांनीच शंका घेतली आहे, तो हृदयविकार नसून खिडकी उघडताना छातीचे स्नायू दुखावले असतील असे काहींचे मत. आता खरे-खोटे कोण करणार? खोलीत माणसे दोनच. एकाने आपल्याला काय झाले हे कधी ऐकलेच नव्हते, आणि दुसऱ्याने पंचवीस वर्षांनी पुस्तक लिहिले. १९६८ साली चर्चिल यांच्या जुन्या सचिवांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून एक पुस्तक काढले ते मुख्यतः मोराननी रंगवलेल्या चित्राला उत्तर म्हणून. रोगी मात्र उत्तर देऊ शकत नव्हता.

दुसरा काटा जास्त खोल आहे. १९५३ मध्ये मोरान गप्प बसले असते, तर ते डॉक्टरचे मौन झाले असते. पण ते गप्प बसले नाहीत. अर्धवट पत्रकाखाली त्यांची सही होती. आणि तेरा वर्षांनी पूर्ण सत्य सांगितले तेही त्यांनीच. मौन वेगळे आणि लपवाछपवीवर सही करणे वेगळे. जिवंतपणी लोकांना अर्धे सांगायचे आणि मेल्यावर सगळे सांगायचे, यात आधी जनतेचा विश्वास गेला आणि मग रोग्याचाही.

याचे फ्रान्समधले उदाहरण तर फारच बोलके आहे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू १९७४ साली पदावर असतानाच वारले. त्यांचा आजार लोकांपासून लपवलेला होता. त्याची चीड होती म्हणून १९८१ साली निवडून आलेल्या मित्तराँ यांनी आपल्या प्रकृतीचे पत्रक दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करण्याचे वचन दिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे आणि तो हाडांत पसरल्याचे निदान झाले. मग? पत्रके निघत राहिली. डॉ. क्लोद गुब्लेर सही करत राहिले. प्रकृती ठीक. अकरा वर्षे! १९९२ मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुठे कर्करोग हा शब्द जाहीर झाला.

मित्तराँ ८ जानेवारी १९९६ ला गेले. १७ तारखेला गुब्लेर यांचे पुस्तक दुकानात. नऊ दिवस! आपल्याकडे दहावाही झाला नसता. कुटुंब न्यायालयात गेले, दुसऱ्याच दिवशी विक्रीला मनाई आली. तोवर चाळीस हजारांच्या आसपास प्रती खपल्या होत्या, आणि बझाँसों गावच्या एका सायबर कॅफेवाल्याने अख्खे पुस्तक इंटरनेटवर टाकून दिले. गुब्लेरना स्थगित कैदेची शिक्षा झाली आणि डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव गेले. पुस्तकाच्या प्रकाशकाने मात्र लढा चालू ठेवला. १८ मे २००४ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला तो मला फार विचारी वाटतो. कुटुंबाचे दुःख ताजे असताना घातलेली पहिली तात्पुरती मनाई योग्य होती, पण काळ गेल्यावर, सगळे जगजाहीर झाल्यावरही ती बंदी कायम ठेवणे योग्य नव्हते. म्हणजे गुपिताचेही वय असते, आणि जसजसे दिवस जातात तसतसे इतिहासाचे पारडे जड होत जाते.

मला मात्र निकालापेक्षा ती पत्रके आठवत राहतात. गुब्लेरना खरोखर लोकांच्या हक्काची चाड असती तर 'मी यापुढे सही करणार नाही' एवढे म्हणायला त्यांना कोणी अडवले नव्हते. त्यासाठी आजाराचे नावही उच्चारायची गरज नव्हती.

आता आपल्या जवळचे, मुंबईचे. महंमद अली जिना यांना क्षय होता हे आज सर्वांना माहीत आहे. फाळणीच्या वाटाघाटी चालू असताना ते फार थोड्यांना माहीत होते. कॉलिन्स आणि लापिएर यांच्या 'फ्रीडम अॅट मिडनाइट' (१९७५) या पुस्तकात सांगितले आहे की त्यांच्या फुप्फुसांचा एक्स-रे मुंबईचे डॉ. जे. ए. एल. पटेल यांच्याकडे बंद पाकिटात पडून होता. माउंटबॅटन यांनी पुढे म्हटले की हे मला ठाऊक असते तर मी वेगळे वागलो असतो, थांबलो असतो. हे छापून आल्यानंतर दहावीच्या वर्गात फाळणीचा धडा आला की एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारी, "बाई, त्या डॉक्टरनं सांगितलं असतं तर फाळणी टळली असती का हो?"

टळली असती की नाही हा जर-तरचा प्रश्न, त्यात पडण्यात अर्थ नाही. चळवळ एका माणसाच्या फुप्फुसांवर उभी नव्हती. पण मी मुलांना उलट विचारत असे, की समजा त्या डॉक्टरांनी देशहित म्हणून सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात कोण आले असते? क्षय हा त्या काळी घराला बट्टा लावणारा रोग. मुलीचे लग्न मोडे, भाडेकरूला जागा सोडावी लागे. सगळ्या मुंबईत असे किती जण तोंड लपवून तपासायला जात असतील! त्यांना काय कळले असते, की डॉक्टरचे तोंड मोठ्या कारणासाठी उघडू शकते. आणि कारण मोठे की लहान हे डॉक्टरच ठरवणार. मुले गप्प होत. एकदा एक मुलगी म्हणाली, "मग ते खोकला लपवतील." मला वाटते तिला नेमके कळले होते.

जिनांच्या बाबतीत दुसरे टोकही आहे. त्यांच्या अखेरच्या दिवसांत लाहोरचे डॉ. इलाही बक्ष यांनी झियारत आणि क्वेट्टा येथे उपचार केले. ११ सप्टेंबर १९४८ ला जिना गेले, आणि १९४९ साली या डॉक्टरांनी त्या शेवटच्या दिवसांवर छोटे पुस्तक लिहिले. ते पाकिस्तानात फार काळ सुखाने विकले गेले नाही. पुन्हा छापले गेले ते १९७८ मध्ये. हेही गुपित फोडणेच. पण त्यामागे सहा-सहा महिन्यांची खोटी पत्रके नाहीत. मोरानना लावला तोच नियम मी यांनाही लावला पाहिजे हे बुद्धीला पटते. मन मात्र दोघांना एका पंगतीत बसवायला तयार होत नाही. असो.

हा नियम काही पाश्चात्त्यांचा नाही. हिपोक्रेटिसची शपथ सगळ्यांना माहीत असते, पण चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात गुरू शिष्याला जी शिकवण देतो तीत हेच आहे. रोग्याच्या घरात शिरल्यावर मन, वाणी, बुद्धी रोग्याच्या कामाखेरीज दुसरीकडे जाऊ द्यायची नाही, आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर न्यायच्या नाहीत. लक्षात घ्या, 'रोग' बाहेर नेऊ नको एवढेच म्हटलेले नाही. घरातल्या गोष्टी. वैद्याला शयनगृहापर्यंत प्रवेश असतो, तिथे सासू-सुनेचे काय चालले आहे, फडताळात काय आहे, काय नाही, हे त्याला दिसतेच. आधुनिक काळात जगातल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९४८ साली जिनिव्हा येथे प्रतिज्ञा तयार केली, तीत रोग्याची गुपिते सांभाळण्याचे वचन होतेच. १९६८ मध्ये सिडनीच्या अधिवेशनात तीत भर पडली, की रोगी मरण पावल्यानंतरसुद्धा. मोरान यांच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी.

आतापर्यंत बोलले ते राजेरजवाड्यांचे. माझ्या मनातला खरा प्रश्न साध्या माणसांचा आहे. मराठीत डॉक्टरांनी अनुभव लिहिण्याची चांगली परंपरा आहे आणि मी तिची जुनी वाचक आहे. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' किती घरांत वाचले गेले! तिथे अडचणच नाही, कारण छाती त्यांची स्वतःची होती. पण दिवाळी अंकात, रविवारच्या पुरवणीत 'माझ्याकडे एक बाई आल्या होत्या' अशी सुरुवात झाली की मी जरा सावरून बसते. खाली बारीक अक्षरात 'नावे बदलली आहेत' असते. पुण्या-मुंबईत नाव बदलले की माणूस नाहीसा होतो. पाच-सहा हजार वस्तीच्या गावात नाव बदलून काय होणार? तिथे माणूस नावाने ओळखला जातच नाही. गिरणीसमोरचे घर, दोन मुलींनंतरचा मुलगा, मुंबईहून परत आलेला थोरला भाऊ, एवढे पुरे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत याविषयी कलम आहे. रोग्याची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र किंवा त्याची हकीगत त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही नियतकालिकात छापू नये. ओळख उघड होत नसेल तर परवानगी लागत नाही. कलम चांगले आहे. फक्त ओळख 'कोणाला' पटेल, हे त्यात नाही. दूरच्या वाचकाला पटून काही बिघडत नाही. जिला ओळखून चालणार नाही ती जाऊबाई, आणि तिला तर पहिल्या ओळीतच पटते.

आमच्या भागात असे एकदा घडले. लेख सुरेख होता, कळवळ्याने लिहिलेला. डॉक्टरही भले गृहस्थ, गरिबांकडून पैसे न घेणारे. एका बाईने मूल होत नाही म्हणून काय काय सोसले याची ती हकीगत होती आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी होती. अंक वाचनालयात आला आणि आठवड्यात सगळ्या गावाला कळले कोण ते. त्या बाई माझी जुनी विद्यार्थिनी. त्यांनी भांडण केले नाही की तक्रार केली नाही. त्या डॉक्टरांकडे जायच्या बंद झाल्या, एवढेच. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एसटीने तालुक्याला जायच्या, येण्याजाण्यात अर्धा दिवस मोडायचा.

पुढे एकदा त्या घरी आल्या होत्या, तेव्हा मी विचारले, डॉक्टरांनी तुम्हाला आधी विचारले असते तर काय सांगितले असतेत? मला वाटले होते, नकोच म्हटले असते म्हणतील.

"नाही हो बाई," त्या म्हणाल्या, "लिहा म्हटलं असतं. माझ्यासारख्या किती जणी असतात. फक्त सासूबाईंचं ते तेवढं काढा म्हटलं असतं. त्या शेवटी माझ्याजवळच होत्या ना."